तांबोळी बाई नाटक निवडतात

तांबोळी बाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या थोबाडीत मारली. तशी चूक माझीच होती, पण हे वाक्य मी आधी लिहून टाकतो, कारण बाईंची आठवण काढायची म्हटली की माझा हात आपोआप गालाकडे जातो.

तिसगावच्या पुढे एका गावातल्या हायस्कुलात मी नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. शनिवारचे शेवटचे दोन तास. हॉलमध्ये आठवी-नववीची पोरं गोलात बसलेली आणि मध्ये एक ठेंगण्या बाई. डोक्यावरून पदर, पायात पुरुषी सँडल, गालात लवंग. नाटकात खोटी थोबाडीत कशी मारतात ते त्या शिकवत होत्या. त्यांनी विचारलं, कुणी मोठं माणूस येतंय का मार खायला? पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांमध्ये मी तीन वर्षं काढली होती. त्यातल्या एकीत मी प्रेत होतो आणि एकांकिकेला दुसरा अंक जोडावा तसा मोठ्यानं शिंकलो होतो. एवढा अनुभव पाठीशी असल्यावर मी ऐटीत पुढे झालो.

युक्ती साधी असते. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो. मार खाणारा मान झटकतो आणि प्रेक्षकांना दिसणार नाही अशी छातीजवळ टाळी वाजवतो. मी अर्धं ऐकलं होतं. भूमिकेत शिरायचं म्हणून मी ऐन वेळी एक पाऊल पुढे टाकलं. पाची बोटं उमटली.

बाईंनी माफीबिफी मागितली नाही. पोरांकडे वळून विचारलं, "सरांचं काय चुकलं?"

पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "सर पुढं आले."

"आणखी?"

"आवाज सरांनी काढायचा हुता. तो तुमी काढला."

"बरोबर. आवाज मार खाणाऱ्याच्या हातात असतो. त्यानं टाळी दिली तरच तो मार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा सर. पाणी लावा."

बाई हिंदी शिकवायच्या. नाटक शिकवायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बाईंच्या मालकांचं तिसगावच्या बाजारात पानाचं दुकान होतं, ते त्यांच्या पश्चात दीर चालवत. दर वर्षी पावसाळा सरला की बालनाट्य स्पर्धेचं पत्रक शाळेत यायचं आणि त्यात 'समस्याप्रधान नाटकास प्राधान्य' असं ठळक लिहिलेलं असायचं. ग्रंथालयाच्या कपाटात त्यासाठी जय्यत तयारी होती. दारूची आठ नाटकं, हुंड्याची सहा, गुटख्याची तीन, मुली वाचवण्याची मोजली नाहीत. सगळ्यांत शेवटच्या पानावर कुणीतरी एक मोठा माणूस यायचा, दीड पान बोलायचा आणि सगळे शपथ घ्यायचे. बाईंनी ती सगळी वाचलेली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की विषय कपाटात सापडत नाही, तो मधल्या सुट्टीत नळावर सापडतो.

म्हणून त्या डबा घेऊन रोज नळाजवळच्या ओट्यावर बसायच्या. आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांची लोणची चाखत असायचो आणि बाई तिकडे मारामाऱ्या बघत असायच्या. सोडवायच्या नाहीत लगेच. कोण कुणाला कुठं मारतो, कोण मार खाताना हसतो, कोण बाजूला उभं राहून नुसती नखं खातो, हे आधी बघायच्या.

एकदा आठवीतल्या एका पोरानं दुसऱ्याच्या मांडीत कर्कटक खुपसलं. चड्डी रक्तानं भिजली. टाके पडले. मुख्याध्यापकांनी दोघांना प्रांगणात उभं करून सगळ्यांसमोर वेताच्या छडीनं फोडून काढलं आणि प्रकरण मिटलं असं जाहीर केलं. बाईंनी टाके निघेपर्यंत वाट बघितली. मग शनिवारी दोघांना गोलात घेतलं आणि म्हणाल्या, ती मारामारी आम्हाला शिकवा. पण सावकाश. हात उचलायला दहा आकडे लागले पाहिजेत.

पोरं हसायला लागली. दोघं पाण्यात चालल्यासारखे एकमेकांच्या अंगावर गेले. पहिल्या वेळी सगळे हसले. चौथ्या वेळी हसू कमी झालं. सातव्या वेळी कर्कटकवाल्याचा हात हवेत असताना तो एकदम बोलला, की हा माझ्या आईला कोयत्यावरची म्हणला. आई ऊसतोडीला गेलेली, तिकडं मुकादमानं तिला काय केलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कुणी पोराला विचारलं नव्हतं. त्या वर्षी बाईंनी तेच नाटक बसवलं. मुकादम त्यात आलाच नाही. वर्गातल्या पोरांनी एका पोराला काय काय ऐकवलं, आणि शेवटी मांडीवर वण असलेल्या पोरानं उठून काय केलं, एवढंच. मांडीवाल्याचं काम मांडीवाल्यानंच केलं. कर्कटकवाल्याला मात्र त्यांनी पडद्याच्या दोरीवर बसवलं.

मला हे पटलं नव्हतं. ज्याचं दुःख त्यानंच करावं, तरच ते दाहक होतं, असं मी तावातावानं म्हणालो. 'दाहक' हा माझा त्या काळातला आवडता शब्द. मी स्वतः एक नाटक लिहिलं होतं, 'रक्ताचं रान'. अठ्ठावीस मिनिटांत चार खून, एक फाशी आणि रॉकेलचा एक कॅन. बाईंना वाचायला दिलं. त्यांनी नळावर बसून ते पूर्ण वाचलं, गालातली लवंग काढली आणि विचारलं, "सर, शेवटी पडदा ओढायला कोण उरतं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मार खाणारीला तुम्ही रडण्याशिवाय काही कामच दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षांच्या पोरीला नाटकात नुसतं रडायला लावू नये. ते तिला शिकवावं लागत नाही."

बाईंची निवडायची रीत अशी. नाटक आधी स्वतः पाठ करायच्या. मग वर्गात पुस्तक हातात धरून वाचल्याचं सोंग करायच्या आणि डोळे मात्र सगळा वेळ पोरांवर. कुठल्या वाक्याला कोण खाली बघतं, ते टिपायच्या. जे पोर खाली बघेल त्याला ते काम द्यायचं नाही. त्याला दिवे द्यायचे, पडदा द्यायचा, दुसऱ्याची वाक्यं सांभाळायला द्यायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तालीम सुटल्यावर तुम्ही गाडीला किक मारून खोलीवर जाता. ते पोर कुठं जातं, तेवढं बघत जा."

मी मान डोलावली. मान डोलावणं ही माझी खास कला आहे. आत काही गेलेलं नसलं तरी ती फार सुंदर डोलते.

पुढच्या वर्षी बाईंच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या तीन आठवड्यांसाठी श्रीरामपूरला गेल्या. जाताना बजावून गेल्या, नाटक मी आल्यावर निवडू, तोवर नुसते खेळ घ्या. मी खेळ घेतले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माझ्यातलं प्रेत जागं झालं. बाई यायच्या आत आपण असं नाटक बसवू की बाई बघत राहतील. विषय घेतला घरातली मारहाण. आणि या वेळी आपण शहाणे झालोय हे दाखवायला मी पोरांना सांगितलं, वाक्यं तुम्हीच आणा. घरात जसं बोलतात तसं.

पोरांनी आणली. बहुतेक वाक्यं टीव्हीतली होती. फक्त नववीतल्या शीतलनं आणलेली वाक्यं वेगळी होती. कमी बोलणारी, उंचेली पोरगी. तिनं वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या. त्यात बाप घरी येतो आणि बायकोला म्हणतो, "घड्याळ वाच. मोठ्यानं वाच, किती वाजले. आन् ह्या टायमाला भाकरी गार का?" बायकोनं वेळ वाचली की मग मार सुरू होतो.

मी अक्षरशः नाचलो. घड्याळ वाच! काय सुचलंय पोरीला! तिलाच आईचं काम दिलं. बापाचं समाधान नावाच्या दांडग्या पोराला. आणि पहिल्याच तालमीत शीतलनं असं काही केलं की मी टाळ्या वाजवल्या. समाधानचा हात उठायच्या आधीच तिचं डावं कोपर वर गेलं. तोंड नाही झाकलं तिनं, कान झाकला. मी सगळ्यांना म्हणालो, बघा, याला म्हणतात निरीक्षण.

तिची वाक्यं सगळ्या पोरांच्या तोंडी बसली. इतकी, की समाधान आणि त्याचे दोन दोस्त फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी शीतलच्या बापाला रोज विचारायला लागले, "काका, घड्याळ वाचा की. किती वाजले?" बाप पिकअप चालवायचा, चहाला तिथं थांबायचा. पहिल्या दिवशी त्यानं खरंच वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी टपरीवरचे चार जण हसले. तिसऱ्या दिवशी त्यानं समाधानची गचांडी धरून विचारलं, हे तुला कुठनं कळलं. समाधान म्हणाला, नाटकात आहे.

हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला फक्त एवढंच माहीत होतं, की बाई श्रीरामपूरहून आल्या होत्या, पिशवी हातातच घेऊन हॉलच्या दारात उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या तोंडावरचं कौतुक बघायला आतुर होतो. समाधाननं हात उचलायला घेतला. शीतलचं कोपर त्याच्या आधी वर गेलं. बाईंनी मला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं.

"हे कोपर कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही, उपजत आहे."

"उपजत नाही सर. सवय आहे." मग त्यांनी विचारलं, "वाक्यं कुठली?"

मी अभिमानानं सांगितलं, पोरांनीच आणली. बाईंच्या हातातून पिशवी खाली पडली. त्यांनी विचारलं, "ही वाक्यं कुणाकुणाला माहीत झालीत?"

तेवढ्यात आतून आवाज आला. सणसणीत, कोरडा. आणि मी शपथेवर सांगतो, पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, वा, आज टाळीची वेळ जमली.

दुसऱ्या दारानं शीतलचा बाप आत आला होता. हातात जॅकचा दांडा. पहिला फटका तिच्या पाठीत बसला होता आणि ती गुडघ्यावर आली होती. दुसरा खांद्यावर. तो ओरडत नव्हता, हे जास्त वाईट होतं. तो तिला सारखं एकच विचारत होता, माझं नाव घेतलं का, माझं नाव घेतलं का. तिच्या तोंडातून रक्त येत होतं, ओठ फाटला होता. पोरं भिंतीला चिकटली. समाधानची चड्डी ओली झाली.

मी धावलो. शौर्य म्हणून नव्हे, बाईंनी मागून ढकललं म्हणून. मी म्हणालो, "अहो ऐका, हे फक्त नाटक आहे." या वाक्याइतकं मूर्ख वाक्य मी 'रक्ताच्या रानात'सुद्धा लिहिलेलं नाही. दांड्याचं टोक माझ्या जबड्यावर बसलं. कट्ट असं काहीतरी माझ्याच डोक्यात वाजलं आणि मी बाकांवर पडलो. तिथून मी पुढचं सगळं आडवं बघितलं.

बाई चालत गेल्या. पळाल्या नाहीत. शीतलच्या अंगावर वाकून उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर धरला. दांडा मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला. मोडलेला हात तसाच लोंबत ठेवून त्यांनी डाव्या हातानं दांड्याचं टोक पकडलं आणि सोडलं नाही. तो हिसके देत होता, बाई त्याच्याबरोबर फरफटत होत्या, सँडल निघून गेली, पदर पडला. तेवढ्या वेळात शिपाई बबनमामा आणि प्रयोगशाळेतले दोघं आले आणि त्याला खाली दाबलं. खाली दाबल्यावर त्याला आमच्या लोकांनी जे मारलं तेही काही कमी नव्हतं. बबनमामा त्याच्या तोंडावर बुटानं मारत होते. बाईंनी ते थांबवलं. पोरांना दिसतंय, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दुसरा प्रकार. माझा जबडा पट्टीनं बांधलेला, बाईंचा हात प्लास्टरमध्ये. मुख्याध्यापकांना शाळेचं नाव पोलिसांत जायला नको होतं. त्यांनी मला जबाब लिहायला सांगितला, 'तालमीदरम्यान एका पालकाशी झालेल्या गैरसमजातून दोन शिक्षकांस दुखापत'. मी लिहिला. सुवाच्य अक्षरात, समासासकट. मला नोकरी नवीन होती आणि मान डोलावण्याची कला जुनी.

बाईंनी तो कागद मागून घेतला, एकदा मनात वाचला आणि मग सगळ्यांसमोर वाचला. नाटक वाचतात तसा, कागदाकडे न बघता, माझ्याकडे बघत. मी खाली बघितलं.

"सर," त्या म्हणाल्या, "यात पोरगी कुठं आहे?"

खरंच नव्हती. सबंध पानात शीतलचं नाव नव्हतं. मी तो फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात तिचे फटके मोजून लिहिले, आणि वाक्यं मी मागवली होती हेही लिहिलं. मुख्याध्यापक पुढे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. जबड्यामुळे मीही त्यांच्याशी बोलत नव्हतो, त्यामुळे ते फारसं जाणवलं नाही.

बाप आत गेला आणि जामिनावर बाहेर आला. सुटल्याच्या दिवशी फाट्यावर म्हणाला, आता दोघींना एकदमच बघतो. बाईंनी हे ऐकलं आणि दोन दिवसांत सगळं ठरवलं. शीतलच्या आईची बहीण राजूरला वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिकडची शाळा, दाखला, सगळं बाईंनी फोनवरून जमवलं. नाटक त्या वर्षी झालं नाही. बाई पुढे तीन वर्षं शाळेत होत्या, दर वर्षी नळावर बसून नाटक निवडायच्या, मग निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. हात थोडा वाकडा राहिला. पण मला त्या आठवतात त्या राजूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत.

मीही नगरपर्यंत त्याच गाडीत होतो, जबडा दाखवायला. पुढच्या सीटवर शीतल आणि बाई, त्यांच्या समोरच्या उलट्या बाकावर शीतलची आई. बारीक, पदर दातात धरलेली बाई. या सगळ्या प्रकरणात, पोलिसांसमोरसुद्धा, तिनं तोंड उघडलं नव्हतं. हो-नाही तेही मानेनं.

करंजीचा घाट उतरल्यावर शीतल म्हणाली, "बाई, तुमी मला ते काम दिलंच नसतं ना?"

"नसतं दिलं."

"मला करायचं हुतं. ती वाक्यं मी मुद्दाम दिली. लोकांनी ऐकावी म्हनून."

बाई सीटवर तिच्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "मग आता कर."

शीतलनं तिथंच केलं. बापाचं, आईचं, दोन्ही आवाजांत, खांद्याला पट्टी बांधलेली तशीच. शेजारचे लोक वळून बघायला लागले. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. करता करता ती म्हणाली, की इथं मी नाही, इथं मी शेळी आणायला गेलेली असते, आमची शेळी रोज नेमकी तेव्हाच सुटायची, फार शिव्या दिल्यात मी तिला.

"सुटायची न्हाई," समोरून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. आईनं दातातला पदर काढला होता.

"त्याच्या गाडीचा आवाज आला की मीच सोडायची," ती म्हणाली. "तू लांब जावी म्हनून."

शीतल तिच्याकडे बघत राहिली. मेहेकरीला दोघं चढले, गाडी चांदबिबीच्या महालाखालून गेली, तरी ती बघतच होती. बाईंनी पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली आणि पेन डाव्या हातात धरलं. पहिलं अक्षर भलतंच मोठं, वेडंवाकडं आलं.

"ताई," बाई म्हणाल्या, "सावकाश सांगा. दोरी कशी सोडायचा, तिथपासून."

आईनं दोन्ही हात पुढे केले आणि हवेत गाठ सोडून दाखवली. मग बोलायला लागली. नगर आलं, मी उतरलो, बांधलेल्या तोंडानं काही म्हणता येईना म्हणून खिडकीखाली उभा राहून हात केला. बाईंचं लक्ष नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्या वहीवर वाकलेल्या होत्या, प्लास्टरच्या हातानं पान दाबून धरलेलं, आणि समोर ती बाई न थांबता बोलत होती.